डावीकडून तिसरी जागा

पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षी
आम्हाला एक पेपर होता : व्यावसायिक व्यवहार.
दरपत्रक कसे लिहावे, आगाऊ किती घ्यावे,
छायाचित्राचा हक्क कोणाकडे राहतो.
मला त्यातच सर्वांत कमी गुण.

त्याच आठवड्यात पहिले खरे काम आले.
म्हापशाच्या कायतानबाबची कंबर धरली होती.
चाळीस वर्षांत एकही मयत चुकवले नव्हते त्यांनी.
"तू जा. शिकलेली आहेस.
फक्त तोंडावर फ्लॅश मारू नकोस.
मेलेल्याला दचकवू नये."

रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे दिवाडी.
खांद्यावर कॉलेजचा कॅमेरा, शनिवारपर्यंत उधार,
पिशवीत तो अठरा टक्के राखाडी पुठ्ठा,
जगातल्या सगळ्या उजेडाची सरासरी, सर म्हणतात.
मासळीच्या पाटीमागून एका बाईने विचारले,
कोणाचे लग्न गो?
एश्पेरांसबायचे मयत, मी म्हटले.
तिने केस सारखे केले. "माझाही काढशील?"
"आता?"
"आता नाही गो."

बाल्कांवात पेटी.
पेटीमागे घरची माणसे उंचीप्रमाणे उभी राहिली,
कोणी न सांगता,
बाप्तिस्म्याला आणि लग्नाला राहिली असतील तशीच.
मी पुठ्ठा तिच्या गालाजवळ धरला,
एकदा पुठ्ठ्यावरचा उजेड मोजला, एकदा गालावरचा.
अर्ध्या स्टॉपचाही फरक नव्हता.
(हे कुठल्या सेमिनारात सांगायचे?)

"जरा जवळ सरका."
डावीकडून दोघांनंतर एक फट पडत होती.
कोणीच सरकले नाही.
थोरली तेरेझिन म्हणाली, "ती सुवात रिती दवर.
रोझारियु तारवार आहे. तो मागाहून येईल."

रिकाम्या जागेवर लेन्स ठरत नाही,
पुढे जाते, मागे येते, चाचपडते.
शेवटी मी तिथे माझी छत्री उभी केली,
फोकस धरला,
छत्री काढून घेतली.

अकरा दिवसांनी रोझारियुचा फोटो आला.
केबिन, काळा टाय, डोक्यावर ट्यूबलाइट.
डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.
मी फोन लावला.
"खिडकीपाशी उभे राहा. उजेड डाव्या हाताने येऊ दे."
"म्हणजे विहिरीकडून," तो म्हणाला.
त्या घरात विहीर कुठे आहे, मी पाहिलेच नव्हते.
"हो. विहिरीकडून."
"पण जहाज वळतेय."
"मग थांबू."

थांबलो.
मी लॅबमध्ये, बाहेर शिपाई कुलूप वाजवत,
तो कुठल्या समुद्रात, ते मी विचारले नाही.
एक अख्खे मालवाहू जहाज
आपला रोख सावकाश बदलत होते
आणि आम्ही दोघे त्याच्या आईच्या बाल्कांवातला उजेड
त्याच्या गालावर पडण्याची वाट पाहत होतो.
मध्ये तो एकदा खोकला. मग म्हणाला,
"आता आला बघ."
"हलू नका."

तोंडी परीक्षेत दोन्ही चित्रे शेजारी मांडली.
बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा पुसला.
"यातले खोटे कोणते?"
मी इतका वेळ गप्प राहिले
की त्यांनीच काहीतरी लिहून घेतले.

रात्री बिल करायला बसले.
फेरी : पायी माणसाला फुकट.
प्रती : सात, मॅट.
जोडकाम : एक.
समुद्रावर उजेडासाठी थांबणे : बावीस मिनिटे.
ही शेवटची ओळ तीनदा खोडली,
चौथ्यांदा तशीच ठेवली
आणि पुढे काहीतरी आकडा घातला.

कायतानबाबनी बिल दिव्याखाली धरून वाचले,
कंबरेवर हात, ओठ हलत.
फोटोंविषयी एक शब्द नाही.
"थांबण्याचे कमी लावलेस," म्हणाले.
"अशाने धंदा नाही व्हायचा."