एकास चार हजार

सीवूड्सच्या चौथ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर
मी बटर पेपर पसरते. चार कोपऱ्यांना
मिठाची बरणी, चष्म्याचं घर, मोकलबाईंचा मोबाइल
आणि अर्धा कापलेला पेरू.
सवय जात नाही.
एकोणतीस वर्षं आम्ही दोघींनी
ह्याच शहराचे नकाशे काढले
बेलापूरच्या ऑफिसात, अमोनियाच्या वासात.
आता जपानचा काढतोय.
चौदा दिवस, दोन बायका,
गुडघे चार, त्यातले तीन कुरकुरणारे.

तोक्योला काळी शाई, क्योतोला लाल.
तिथल्या डोंगरावर चढत जाणाऱ्या हजारो कमानी;
पुढे मी लिहिते : जमतील तितक्या.
नाराची हरणं बिस्किटासाठी वाकून नमस्कार करतात म्हणे.
"आपले साहेब," मोकलबाई म्हणाल्या,
"वरून कोणी आलं की."

खाण्याची काळजी फक्त मला.
तिथे वरणातसुद्धा मासा असतो, दिसत नाही एवढंच.
मी मेतकूट लिहिते, भाजणी लिहिते,
खाकऱ्यांची पाकिटं मोजते,
आणि मोकलबाई, जन्मभर माझ्या डब्याची कीव केलेल्या,
पेरूला मीठ लावत नुसत्या हसतात.

फुजीला दीड दिवस.
"दिसेलच अशी गॅरंटी नाही हां मॅडम,"
वाशीचा नेरूरकर आधीच सांगून मोकळा झालाय. "ढग असतात."
मोकलबाईंनी खिडकीतून पारसिककडे पाहिलं,
खडी होऊन गेलेल्या त्याच्या कुशीकडे.
"नाही दिसला तर नाही दिसला.
जागेवर आहे ना?"

समुद्रात उभी कमान आहे एक, लाकडाची.
भरतीला तरंगल्यासारखी दिसते,
ओहोटीला तिच्या पायांशी चालत जाता येतं.
मी नेटवर वेळा शोधत होते.
त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बोटांवर काही मोजलं,
"पुनवेला उधान, आठमीला भांग.
समिंदर काय जपानी बोलतो?
चैत्री पौर्णिमा धर. फुलंबी भेटतील."
फुलंबी भेटतील.
मी मुकाट्याने आठ ते तेरा सगळं पुढे सरकवलं.

नववा दिवस मोकळा राहिला.
आराम, असं मी पेन्सिलीने लिहिलं होतं.
मोकलबाईंनी ते खोडलं
आणि कानाझावाच्या खाली, जिथे नाव नाही, मंदिर नाही,
रेल्वेची बारीक रेघ फक्त आहे, तिथे टोक टेकवलं.
इथे काय आहे?
"खाचरं."
आणि?
"भाताची खाचरं. चैत्रात नांगरून ठेवली असतील,
पाणी सोडायचं बाकी.
ते लोक राब भाजतात का, बघायचंय."

पंख्याने कागदाची एक कड उचलली, पडू दिली.

सेक्टरची हद्द मी आखली होती.
शून्य पॉइंट तीनचं पेन, स्टीलची पट्टी,
एक दुपार, मध्ये चहा.
त्या कागदावर बांध दिसत नसत,
सर्व्हे नंबर असायचे, बारीक, माझ्याच अक्षरात.
शेजारच्या टेबलावर रंग भरायला मोकलबाई.
पिवळा म्हणजे घरं.
त्यांचा हात फार चांगला, रेषेबाहेर कधी गेला नाही.
त्यातला एक नंबर त्यांच्या बापाचा होता
हे मला निरोप समारंभात कळलं,
कोणा तिसऱ्याकडून, समोसा खाताना.

"किती तास ठेवू?" मी विचारलं.
"दिवसभर."
"बसायला तरी काही असेल का तिथे?"
"बांध असेल."

उद्या नेरूळला व्हिसाचे फोटो,
पांढऱ्या पडद्यापुढे, दात न दाखवता.
त्याआधी मी नेरूरकरला फोन लावला.
तो ओरडलाच, तिथे बघायला काही नाही मॅडम,
ट्रेनसुद्धा दोन तासांनी एक.
माहीत आहे, म्हटलं.
दोन तिकिटं. खिडकीजवळची.