तीन, सहा, दोन

स्टॉकपोर्टला आमच्या गल्लीवरून
दर चार मिनिटांनी एक विमान खाली येतं,
इतकं खाली, की चाकं मोजता येतात.
शेजारचे एंटविसल ती मोजतात.
आवाज त्यांना येत नाही, दोन वर्षं झाली.
कपातल्या चहावर वर्तुळ थरथरलं
की मान वर करतात.

पंचवीस वर्षं त्यांनी रात्रीचं टपाल नेलं
लिव्हरपूलहून मॅन बेटावर,
गोण्याच्या गोण्या, एकही पत्र न वाचता.
आता मागच्या खोलीत,
बायकोच्या शिवणयंत्राच्या टेबलावर, सिम्युलेटर.
तेच बेट, तेच धुकं,
फक्त टॉवर काय बोलतो ते कळत नाही.

म्हणाले, तू कॉम्प्युटरवाली ना?
होते. मार्चपर्यंत.
मग टॉवरचं बोलणं मला लिहून दाखव,
त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर.

म्हणून भिंतीच्या अलीकडे मी, कानाला हेडफोन,
ऐकते आणि टाइप करते,
आणि माझा चिमुकला प्रोग्रॅम
ते उचलून पलीकडच्या विमानात टाकतो.

आकडे पहिल्या दिवशीच गेले.
उंची, वेग, वाऱ्याची दिशा,
आकड्यांना कुठेही ओसरी मिळते.
शब्द आले की विमान दारातच विचारतं,
किती जण आहात?
एकशे अठ्ठावीस खाने देतं, त्यात बसा म्हणतं,
आणि शेवटी एक शून्य ठेवा,
म्हणजे कळेल की संपलं.

एका मंगळवारी शून्य विसरले.
आधीचा निरोप होता: वारा दोनशे चाळीस, आठ नॉट.
त्यावर मी पाठवलं: थांबा
पडद्यावर उमटलं, मराठीत सांगायचं तर,
थांबादोनशे चाळीस, आठ नॉट.
एंटविसल धावपट्टीच्या तोंडाशी थांबले.
दोनशे चाळीस काय, सेकंद की दिवस,
कोणाला विचारणार?
मी त्यांच्या दारापर्यंत पोचेस्तोवर
थांबूनच होते, ब्रेकवर पाय, शहाण्या मुलासारखे.
जुन्या बोलण्याचं शेपूट
पुसलं नाही तर नव्याला चिकटतं,
हे मला लग्नाआधी कोणी सांगायला हवं होतं.

मग एकदा, नुसतं चाचणी म्हणून,
रात्री अकराला, दुसरं काही सुचेना,
मी आपल्या अक्षरांत लिहिलं:
चहा घेतलात का
विमानाला आपली अक्षरं ठाऊक नाहीत.
काना वेगळा, मात्रा वेगळी धरून
प्रत्येकाच्या जागी त्याने एकेक चिन्ह ठेवलं.

??? ?????? ??

हजार फुटांवर होते तेव्हा ते.
उतरले. इंजिन बंद केलं. वहीत नोंद केली.
सकाळी कुंपणावरून विचारलं,
तीन, सहा, दोन. ही कुठली फ्रीक्वेन्सी?
मी गॅसच्या बिलाच्या पाकिटावर लिहून दिलं:
आमच्याकडे माणूस दिसला की विचारतात ते.
प्रश्नच होता, बरोबर पोचला.
त्यांनी वाचलं,
मग पाकीट उलटं करून पत्ताही वाचला. बराच वेळ.

दुरुस्त करता आलं असतं. एका ओळीचं काम.
राहिलंय.
आता रोज उतरल्यावर
बेटावरच्या त्या रिकाम्या विमानतळावर
अकरा प्रश्नचिन्हं त्यांची वाट बघतात.

गुरुवारी धुकं बाहेरही होतं, खरंखुरं.
विमानं दुसरीकडे वळवली असावीत,
कपातला चहा हलेना.
मी बटाटे सोलत होते
तेव्हा मधल्या भिंतीवर ठोके आले.
तीन.
जरा थांबून, पाच.
मग दोन.

मात्रा गळली असेल वाटेत.
मी दोघांपुरतं आधण ठेवलं.