डावा हात, काडीचा

परकारभाईंनी क्रेन उचलली,
मागचं काळं वजन नखाने बाहेर ओढलं,
आणि टक्‌,
दोन्ही दंडांतून दोन मुठी आल्या.
मी म्हटलं, पुन्हा करा.
ते म्हणाले, मॅडम, चाळीस वर्षांची स्प्रिंग आहे,
पुन्हा पुन्हा नाही करायचं.

अठरा वर्षं मी हे गोळा करतेय.
रे रोडच्या भंगारातून, ऑपेरा हाउसच्या एका पारशी बाईंकडून,
मुलुंडच्या मुलाकडून, ज्याला लग्नाआधी कपाट रिकामं करायचं होतं.
विमान होणारे, घड्याळ होणारे, कॅमेरा होणारा एक.
एकशे बारा.
दिवसभर परळला कवळ्या बनवते,
काय कशात बसतं, किती घासलं की सैल होतं
ते माझ्या बोटांना डोक्याआधी कळतं.
आणि सगळ्यात पहिल्याला हात आहेत
हे मला माहीत नव्हतं.

वडील इंदिरा डॉकला टॅली क्लार्क.
पंच्याऐंशीच्या मे महिन्यात एका बोटीवरच्या खानसाम्याने
दोन डझन पायरीच्या बदल्यात ती पिवळी क्रेन दिली.
खोका नव्हता. सूचनांचा कागद होता,
वडील म्हणाले, अक्षरं चिनी असावीत.
आईने त्यात सुके बोंबील बांधून
तळमजल्याच्या कोयंडेबाईंना दिले.

हेमूने तासाभरात तिचा माणूस केला.
चाकं पाठीवर, केबिन छातीत,
आकडा डोक्यामागे शेंडीसारखा.
पण दंड संपले तिथे दोन चौकोनी भोकं.
हेमू म्हणाला, याचे हात लढाईत गेले.
मग शिवडीच्या क्वार्टर्समध्ये, जिन्याखाली,
दोन वर्षं तो नुसत्या लाथांनी जिंकला.
पाणी मी पाजायची.
हेमूला गोवर आला तेव्हा मी तो त्याच्या कपाळावर ठेवला,
आणि छातीवरच्या काळ्या चौकोनात
हळूहळू निळा मासा उमटला.
ओरडलो आम्ही. आई धावत आली, तोवर मासा गेला.
बरा झाल्यावर हेमूने आगपेटीच्या काड्या मोडल्या
आणि फेव्हिकॉल लावून भोकांत बसवल्या.
हात.

काल रात्री कोमट पाणी, कापूस, दात कोरायची सळई.
ॲसिटोन नाही, ते प्लास्टिक खातं.
उजवी काडी अर्ध्या तासाने सुटली.
वजन ओढलं.
मूठ आली.
बाकी अंग चहाच्या रंगाचं झालंय,
ती मात्र पंच्याऐंशीतली, पिवळीधमक,
ऊन कधी न पाहिलेली.
बोटांवर नखंसुद्धा कोरलेली,
तळव्यात काहीतरी धरायला भोक.
म्हणजे आत होते.
आम्ही त्याला पाणी पाजत होतो तेव्हाही.
आणि ज्या दिवशी हात दिले
त्या दिवशी आम्हीच ते आत कोंडले.

डावी काडी मी भिजवली नाही.
परकारभाई म्हणाले, एका हाताचा पीस अर्ध्याला जातो.
म्हटलं, विकायचा कुणाला आहे.
खरं कारण त्यांना सांगितलं नाही,
मलाही नीटसं सांगता आलं नसतं.

हेमूला फोटो पाठवला, मस्कतला.
निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर उशिरा.
हा आपला नाही. आपल्याला हात नव्हते.

मग मी चौकोनावर अंगठा दाबून धरला,
शंभरपर्यंत मोजलं.
काहीच नाही. अंगठा गालावर घासला, पुन्हा धरला.
एक शेपटी. मग पोट. डोळा नाहीच आला.
घाईघाईने फोटो काढला, हलला, तसाच पाठवला.

बराच वेळ टायपिंग, टायपिंग.
मग एवढंच:
ताप किती?

मासा विरत चालला होता.
मी लिहिलं, उतरतोय.