झील

डोमा निनावे चिकारा वाजवायचा.
मी त्याच्या मागं उभा राहून झील धरायचो,
म्हणजे तो जिथं ओळ सोडेल
तिथून तिचं शेपूट उचलायचं.
एकतीस वर्षं हेच केलं.
म्हणून आज मला विचाराल
तर प्रत्येक गाण्याचा शेवट पाठ आहे,
सुरुवात एकाचीही नाही.

पाचपावलीत नाल्याच्या अंगाला घर,
दोन माग बसतील आणि माणसं उभी राहतील एवढं.
दिवसा लुगडं विणायचा, करवतकाठी.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
त्याच खटक्यावर चाली बसवायचा.
त्यामुळं त्याची सगळी गाणी
डाव्या पायानं जरा लंगडायची.
ढोलकवाला फागो चिडायचा, "मात्रा कमी पडते ना गा!"
डोमा म्हणे, "मागाले इचार, मले काहून इचारतं?"

चिकाराही घरचाच.
मोडक्या मागाचं लाकूड, बकरीचं कातडं,
आणि गजाला घोड्याच्या शेपटीचे केस,
इतवारी स्टेशनाबाहेरच्या कय्यूमच्या टांग्याचा घोडा, पांढरा.
दर दसऱ्याला जायचो मागायला.
कय्यूम केस मोजून द्यायचा
आणि घोड्याच्या कानात काहीतरी बोलायचा.
माफी असावी.

दिवाळी सरली की मंडया.
कुही, मांढळ, भिवापूर,
रात्रभर खडी गंमत, पहाटे राखेत भाजलेली वांगी.
बिदागी म्हणून कधी नोटा, कधी पायलीभर तांदूळ,
एकदा एक बकरा,
जो उमरेडच्या रस्त्यावर फागोच्या हातून सुटला
आणि धानाच्या बांधीत शिरला तो शिरलाच.
पुढच्या साली डोमानं त्याच्यावर गाणं केलं.
बकऱ्यापेक्षा जास्त पैसे त्या गाण्यानं दिले.

रेडिओवर एकदाच गेलो.
सिव्हिल लाइन्स, चपला दाराबाहेर,
आत अशी थंडगार खोली
की टाळी वाजवली तर जागीच मरते.
समोर माणूस नाही.
डोमानं भिंतीला नमस्कार केला आणि सुरू झाला.
साडेचौदा मिनिटं.

कागदावर कोणीतरी त्याचं नाव लिहून घेतलं,
मग कोणा शहाण्यानं ते शुद्ध केलं.
शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतले माग थांबले,
खिडकीत रेडिओ ठेवला,
आणि बाई गोड आवाजात म्हणाल्या,
"ऐकूया एक लोकगीत. गायक आणि रचनाकार, निनावी."

कोणीच काही बोललं नाही.
मग डोमाच हसला, खोकला येईस्तोवर.
"घ्या! बापानं देल्लं थेच सरकारनं पक्कं केलं."
पासष्ट रुपयांचा चेक आला महिन्यानं.
त्याच्यावर नाव बरोबर होतं.

टांगे बंद झाले.
ऑटोला शेपूट नसतं.
नाईक तलावाच्या पोरांकडून नायलॉनची तार आणून बघितली,
चिकारा ओरडला, बोलला नाही.
डोमानं गज खुंटीला टांगला,
माग भंगारवाल्यानं किलोवर नेले.
नवतप्यातल्या एका दुपारी
कूलरमध्ये पाणी भरता भरता तो गेला.
बादली अर्धी होती. सुनेनं ती तशीच ठेवली रात्रभर.

आता मी एका कॉलेजच्या फाटकावर असतो.
परवा संमेलनात पोरी नाचल्या.
निवेदक म्हणाला, "पारंपरिक."
आणि भोंग्यातून बकरा आला!
उमरेडचं नाव गाळलं होतं कोणीतरी,
लंगडणारी मात्रा भरून काढली होती,
चाल आता सरळ चालत होती, बूट घातल्यासारखी.
पण धानाची बांधी होती. फागोचा हात होता.

ओळ संपली,
आणि फाटकाशी, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन,
मी झील धरली.
मोपेडवरचं एक पोरगं वळून पाहत राहिलं,
"काका, काही हरवलं का?"

बकरा, म्हटलं.