खुर्ची

नऊ गाणी कानठळ्या बसवणारी.
दहावं उरलेल्या टेपवर, स्वयंपाकघरात,
कारण शेजारीण पोलिसांना बोलावते म्हणाली होती.
राइनेची साधी गिटार, सर्दीनं बसलेला आवाज,
आणि सिर्क्काचं नाव कुठंही न घेता
सगळं सिर्क्काबद्दलच.
मला म्हणाले, ताउनो, तू नुसता बस.

बसलो.
दुसऱ्या कडव्यात पाय अवघडला, तेवढाच हललो.

आता टांपेरेतल्या प्रत्येक लग्नात तेच,
दातांच्या दवाखान्यात तेच,
गोठवलेल्या मटारांपाशी सिर्क्काला गाठलं तेही त्यानंच;
ती म्हणे ट्रॉली तिथंच सोडून घरी आली,
नवऱ्याला सांगितलं, मटार संपले होते.

आम्ही लोखंड वाजवतो, लोक लोण्याची वाट बघतात.
मग दिवे मंद. राइने स्टुलावर.
मी ड्रममागे, काठ्या मांडीवर,
चार मिनिटं
देवळाबाहेरच्या चपलांसारखा.

पण दुसऱ्या कडव्याशी अख्खा हॉल श्वास धरतो.
टेपमध्ये तिथं काहीतरी करकरतं ना,
पोरं म्हणतात, तिथंच त्याचं काळीज तुटलं.

ती स्वयंपाकघरातली खुर्ची
आम्ही गावोगाव नेतो.
मी रोज, अगदी वेळेवर,
किंचित डावीकडे सरकतो.