पिवळ्या पिशव्या

समोरचा डोंगर खोकला की
नगरपालिका पिवळ्या पिशव्या वाटते.
राख भरायची, तोंड बांधायचं, कोपऱ्यावर ठेवायची.
मी चार ठेवून घेतल्या.
तळाला भोकं पाडली,
राखेत माती, मातीत पालापाचोळा,
आणि कठड्याशी रांगेत उभ्या केल्या.

एकोणचाळीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली मी.
शेतीतलं कळतं ते एवढंच:
पाणी खाली, आभाळ वर.

बेणं दिलं कुवाहाताबाईंनी, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
वेलाचे वीत-वीतभर आठ तुकडे.
मी मेणबत्त्यांसारखे उभे खोवले.
त्या पलीकडून हसल्या:
"अहो, आडवं निजवा. मधे खोल, दोन्ही टोकं वर.
होडीचा तळ असतो ना, तसं."
होडीचा तळ!
तो काही मला शिकवायला नको होता.

जुलैत वेल कठडा ओलांडून जिन्यावर उतरले.
जिथे टेकले तिथे पेरापेराला मुळं.
दर रविवारी उचलून उलटे टाकायचे,
नाहीतर सगळीकडे थोडं थोडं रुजतं
आणि पोसत कुठेच नाही.
हे मी इवाओला फोनवर सांगितलं.
तो म्हणाला, "मला रताळ्यांचं सांगू नकोस."

इवाओ माझा थोरला भाऊ.
युद्ध संपलं तेव्हा तो आठ वर्षांचा, मी नुकता बोलू लागलेला.
सकाळी रताळं, दुपारी रताळ्याच्या वेलाचे देठ,
रात्री उरलं असेल ते, म्हणजे रताळं.
भात म्हणजे रताळ्याला चिकटलेली चार शितं.
पहिला पगार झाला त्या दिवशी त्याने शपथ घेतली,
या जन्मी पुन्हा नाही.
आणि पाळली.
लग्नाकार्यात नाही, देवळाच्या जत्रेत नाही,
रताळ्याची दारूसुद्धा हुंगून परत ठेवायचा,
ते आमच्या गावात!

आम्ही त्याला 'काराइमो' म्हणतो, चीनकडून आलं म्हणून.
बाकीचा देश 'सात्सुमाइमो' म्हणतो, आमच्याकडून आलं म्हणून.
जो तो पाहुणा म्हणूनच ओळख करून देतो
आणि पाहुणा घर चालवतो.

ऑक्टोबरात इवाओ आला, नुसतं बघायला,
हात पाठीमागे बांधून.
मी खुरपं घातलं आणि कच्च.
"खुरपं नको रे," तो ओरडला, "बोटांनी!"
गुडघे टेकून बसला,
पिशवी कात्रीने उभी फाडली,
कोपरापर्यंत मातीत गेला.
एकेक बाहेर आलं, जांभळं, ओलं, झोपेतून उठवल्यासारखं.
सोळा.
त्याने मोजली. पुन्हा मोजली.
चिकाने बोटं काळी झाली होती,
साबणाने निघाली नाहीत.
तशीच घेऊन गेला.

त्याच रात्री मी दोन उकडली.
खडू.
उरलेला तुकडा कुवाहाताबाईंना नेऊन दाखवला.
"आजच काढली आणि आजच?
कागदात गुंडाळा, अंधारात ठेवा, महिनाभर बघूसुद्धा नका.
उपटल्याचं विसरली की गोड होतात."

नोव्हेंबर. पुन्हा राख, पुन्हा इवाओ,
छत्री झटकत, डोंगराला शिव्या देत.
मी काड्या काड्या चिरल्या होत्या,
आलं, थोडं गाजर, पीठ घट्ट कालवलेलं,
तेलात चमच्याने सोडायचे, मंद आचेवर, घाई न करता.
वर आले ते पाय चहूकडे फाकून.
आमच्याकडे या भज्याला 'गने' म्हणतात, म्हणजे खेकडा.

ताटली दोघांच्या मधे ठेवली. बोललो काहीच नाही.
बंदरात सव्वाचारच्या बोटीचा भोंगा झाला.
त्याने एक पाय मोडला, बोटांत फिरवला.
"काय आहे हे?" माहीत असून विचारलं.
"खेकडा."
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"खेकड्याची शपथ नव्हती," म्हणाला,
आणि मीठ मागितलं.