कोपेयका

लोरिनोच्या किनाऱ्यावर, मार्चमध्ये,
समुद्र अजून जमीनच असतो तेव्हा,
रात्री दिवा धरायला रोल्तिर्गिनमामा मलाच हाक मारायचा.
बारा कुत्रे. अठ्ठेचाळीस पाय.
एकेका बोटाच्या बेचक्यातून त्याचा अंगठा फिरे,
बर्फाचे मणी उकरत, सीलची चरबी चोळत.
त्याच्या चहावर तोवर साय नाही, बर्फ धरलेला.

मी विचारायचे, यातला थोर कोण?
तो म्हणायचा, दिवा नीट धर.

माझ्या मते मोल्निया.
नाव विजेचं, धावही विजेची.
अख्खं गाव तिच्यावर पैज लावायचं.
शर्यतीच्या सकाळी मामाने तिला खुंटीलाच ठेवलं.
"दमली की जेवत नाही ही.
आणि वळणावर मागे बघते,
कोण किती ओढतंय म्हणून.
बघणाऱ्याचा दोर ढिला पडतो, पोरी."

पुढे जोडली कोपेयका.
नावाप्रमाणेच, चिल्लर.
फाटका कान, मातकट रंग,
चढावर खोकायची.
लोक हसले. मीही, थोडीशी.

पुढचं मला मामाने सांगितलं नाही.
एत्तिकायने सांगितलं, जो दुसरा आला.
तिसऱ्या रात्री खाडीवर पांढरा काळोख,
आपलाच हात आपल्याला परका.
कोपेयका मध्येच खाली बसली.
मामाने एकदा हाक दिली.
मग दुसरी दिली नाही.

एत्तिकाय म्हणाला, तिचं सोड,
मला नवल त्या मागच्या अकरांचं.
एकही भुंकला नाही,
एकानेही शेजाऱ्याला चावून राग काढला नाही.
दोर ताणलेलेच ठेवून
बसले सगळे, नाकावर शेपूट घेऊन.

उजाडलं तेव्हा
दोन स्लेजभर अंतरावर काळं पाणी वाफाळत होतं.

आमचा नंबर सातवा.
बक्षीस एक थर्मास, पिठाचं पोतं.

घरी आल्यावर पहिला मासा बोचकाला,
सगळ्यात मागच्या त्या जाड्याला,
जो स्लेजचा प्रत्येक धक्का पाठीवर झेलतो
आणि कुणाच्याच फोटोत येत नाही.
कोपेयका जेवून केव्हाच घोरत होती.
मोल्निया रुसलेली. मासा तसाच पडून.
मी तो उचलला, बोचकापुढे टाकला.

मामा काही बोलला नाही.
माझ्या हातातला दिवा काढून
त्याने बर्फात रोवला,
आणि पुढचे चार पाय
माझ्या मांडीवर ठेवले.